हातावर वाढलेला कावळा

माझ्या आईचा पाठचा भाऊ दत्तूमामा. त्याला फेफरं यायचं म्हणून त्याला कुणी कामावर ठेवत नसे, आणि हाताला काम नसे म्हणून तो पाखरांची पिल्लं वाढवायचा. आमच्या घरात त्याची ओळख एवढीच होती. गिरणीत लागावं म्हणून एकदा मुंबईला जाऊन आला होता. तिथे चालत्या यंत्रापाशी पडला, तेव्हा गाववाल्यांनी त्याला आगबोटीत बसवून रत्नागिरीच्या बंदरावर परत आणून सोडलं. राजापूरकडचं आईच्या माहेरचं घर आईवडील गेल्यावर भाऊबंदांनी गिळलेलं. मग आई त्याला आमच्याकडे घेऊन आली आणि मागच्या दाराची पडवी त्याची झाली. आमचं घर एकत्र होतं. बाबांचे थोरले भाऊ, भाऊकाका, आणि काकू हे घराचे कारभारी. काकू येता-जाता म्हणायची, "आयत्या बिळावर नागोबा." आई ते कानाआड करायची आणि दत्तूमामाच्या पानात मासळीचा एक तुकडा जास्त वाढायची. असं भांडण मी नंतर कुठे पाहिलं नाही. एकीनं बोलायचं आणि दुसरीनं वाढायचं.

पिल्लं त्याच्याकडे कुठून कुठून यायची. वादळवाऱ्यात घरटं पडलं, मांजरानं आई नेली, नारळ पाडताना झापाबरोबर पोपटाचं बाळ खाली आलं, की लोक म्हणायचे, "दत्तूकडे द्या." मामा नारळाच्या सोडणाचा काथ्या पिंजून करवंटीत घालायचा, वर जुन्या धोतराची चिंधी, आणि त्यात ते पिल्लू. कसली पाखरं म्हणायची ती! पोट म्हणजे नुसता फुगा, डोळे मिटलेले, अंगावर पीस नाही आणि तोंड मात्र अंगाहून मोठं. हरभऱ्याची डाळ भिजत घालायची, पाट्यावर गंधासारखी वाटायची, कोमट पाण्यात सैल करायची. झापाच्या हिराचं, म्हणजे पात्यामधल्या काडीचं, टोक घासून बोथट केलेलं असे, त्याच्यावर थेंबभर घेऊन पिल्लाच्या घशात सोडायची. मामा जिभेनं चुक् चुक् करायचा आणि हिरानं करवंटीच्या काठावर हलकेच ठोकायचा. ते ऐकलं की पिल्लू मान ताठ करून आ वासायचं. गळ्याखालची पिशवी भरली की थांबायचं, ते कितीही ओरडलं तरी. "भुकेनं एखादं जगेल गो बायो, पण मायेनं हटकून मरतं," असं तो मला सांगायचा. बायो म्हणजे मी. वाटण गार झालं तर पिल्लाचं पोट बसतं म्हणून तो वाटी मांडीच्या खोबणीत धरून बसायचा. मला हिर हातात द्यायचा, पण आपला हात माझ्या मनगटाखाली ठेवायचा.

परवा माझ्या नातवानं बाजारातून हिरव्या पाखरांची जोडी आणली. त्यांची पिल्लं झाली तर डब्यातली पूड कालवून पिचकारीनं भरवायची म्हणे. मी त्याला म्हटलं, भरव बाबा, पण कशासाठी पाळतोस ते आधी ठरव. तो म्हणाला, आजी, तू सगळ्यात कडू काहीतरी शोधतेस. असेन शोधत. ज्याच्या जिभेवर कारलं ठेवलं गेलं त्याला गुळाची चव विचारू नये.

आईला कोकिळ हवा होता. पोपट, साळुंक्या, बुलबुल सगळे आमच्या पडवीतून उडून गेले, पण कोकिळ म्हणून कधी आला नाही. तिला कुणीतरी सांगितलं होतं की कोकिळाचं पोर कावळ्याच्या घरट्यात वाढतं. हे खरं, पण कुठल्या घरट्यात, हे कोण सांगणार? आमच्या माडांचा पाडेली, म्हणजे नारळ उतरवणारा गडी, बाबू, त्या चैत्र-वैशाखात फणसावरच्या कावळ्याच्या घरट्यातून एक काळं पोर डोक्याच्या फडक्यात गुंडाळून घेऊन आला. त्याच्या टाळक्यावर कावळ्यांनी चोची मारून रक्त काढलं होतं. "वैनीनू, ह्यो कोकीळच हाय. तोंड बघा आतून, कसा लालभडक हाय तो. कावल्याचा असा नसतां," तो म्हणाला. आईनं त्याच्या डोक्याला हळद लावली आणि पिल्लू मामाच्या हाती दिलं.

मामानं ते जिवापाड वाढवलं. कोकिळ फळं खातो म्हणून पिकलं केळं, पपई, कोकमाचा गर. पिल्लू ते थुंकून टाकी आणि बांगड्याच्या वासानं थयथयाट करी. तेव्हाच ओळखायला हवं होतं, पण ज्याला कोकिळ हवा आहे त्याला कावळा कसा दिसणार? आई रोज सकाळी विचारायची, "दत्तू, बोलला का रे?" मामा म्हणायचा, "कंठ फुटतोय आक्का, धीर धर." पुढे पावसाची झड लागली. एक दिवस आम्ही सगळे जेवायला बसलो होतो, आणि पडवीतून भसाड्या आवाजात स्वच्छ ऐकू आलं, "क्राँव." मग बाबा म्हणाले, "घ्या, तुमच्या दत्तूच्या गवयानं षड्ज लावला." आई इतकी हसली की तिला ठसका लागला आणि पदरानं डोळे पुसत ती मोरीवर गेली. बाबाही हसत होते. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण बाबा वाईट माणूस नव्हते. ते वाईट असते तर हे प्रकरण मला लिहावंच लागलं नसतं.

काकू म्हणाली, कावळा घरात पाळतात का कुणी, पितरांचं पाखरू ते, अवलक्षण आहे. आई म्हणाली, "वाढवलाय तर राहू दे. कोकिळ नाही म्हणून काय टाकायचा?" तेव्हापासून त्याचं नाव गवई. तो उघडाच असायचा. दिवसभर फणसावर नाहीतर कुंपणाच्या दगडी गडग्यावर, आणि मामानं चुक् चुक् करून हिर ठोकला की कुठूनही येऊन त्याच्या पायाशी उतरायचा, पंख थरथरवत, लहानपणासारखा आ वासून. थोराड कावळा झाला तरी ती बाळाची खोड त्याची गेली नाही. मामा भाताचा मुटका करून पुढे धरायचा, गवई त्याच्या हातातून खायचा.

त्या वर्षी थंडीच्या दिवसांत आई तापानं अंथरुणाला खिळली. वैद्यांचे काढे झाले, सिव्हिलातले डॉक्टर येऊन गेले. ताप उतरेना. दुपारी मी तिच्या उशाशी कपाळावर पट्ट्या बदलत बसले होते, बाबा कचेरीतून जेवायला आले होते आणि अंगरखा काढण्याआधीच आत डोकावले. आईनं त्यांना जवळ बोलावलं. म्हणाली, "एवढंच मागते. दत्तूला अंतर देऊ नका. तो पडला की त्याला पाहणारं माणूस हवं. परक्यात मरेल तो." बाबा म्हणाले, "तू आधी बरी हो बघू." तिनं पुन्हा विचारलं, "देणार नाही ना?" बाबा म्हणाले, "पेज घेतलीस का?" आईनं माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. माणूस 'नाही' म्हणाला तर त्याच्याशी भांडता येतं. 'पेज घेतलीस का' म्हणणाऱ्याशी कसं भांडायचं, हे मला या वयातही कळलेलं नाही. दोनएक दिवसांनी ती गेली.

सुतक फिटायच्या आत घरात काय चाललं आहे हे मला कळत होतं. मुलगी लहान आहे म्हणून तिला काही कळत नाही असं मोठ्यांना वाटतं. भाऊकाका ओसरीवर बाबांना सांगत होते, घर चालायला बाईमाणूस हवं, हातखंब्याकडचं एक स्थळ आहे, पण फेफरेकरी माणूस घरात आहे म्हटल्यावर मुलगी कोण देणार? बाबा खाली मान घालून जानव्याशी चाळा करत ऐकत होते. मामा पडवीत बसलेला असायचा, भिंतीशी तोंड करून. काकूनं त्याला सांगितलं होतं की दहावं होईपर्यंत तो कावळा नजरेला दिसता कामा नये. पिंडाला शिवायला रानचा कावळा हवा, घरचा मध्येच तोंड घालेल. मामानं स्वतःच्या हातानं गवईला कोंबड्यांच्या डालग्याखाली कोंडून वर दगड ठेवला.

आमच्या वाडीच्या खालच्या अंगाला वहाळ, म्हणजे ओढा होता, तिथेच दहावं झालं. पुरुष वहाळाशी, बायका वर मागच्या दारी. मी गडग्याला टेकून उभी होते, तिथून दोन्हीकडचं दिसायचं. भटजींनी पिंड मांडला, बाबांनी पाणी सोडलं आणि सगळे बाजूला झाले. एरवी आमच्या वाडीत कावळ्यांचा नुसता बाजार असायचा. त्या दिवशी एक नाही. आता मला वाटतं, बंदरावर रापणीचं मोठं जाळं ओढलं असेल, वाळूवर मासळीचा ढीग पडला असेल, सगळे कावळे तिकडे गेले असतील. पण तेव्हा असं कुणाच्या मनात येणं शक्य नव्हतं. कावळा शिवत नाही म्हणजे मेलेल्या माणसाची इच्छा राहिली आहे, आणि ती काय ते ओळखून घरच्यांनी पिंडासमोर शब्द द्यायचा. तो शब्द मोडायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. साक्षात सावकाराला फसवणारी माणसंही पिंडासमोरच्या शब्दाला जागायची.

ऊन चढलं. एक कावळा आला, फणसावर बसला, मान वाकडी करून पिंडाकडे पाहिलं आणि उडून गेला. भटजी म्हणाले, "यजमान, काही राहिलं असेल तर बोला." बाबा हात जोडून पुढे झाले. "मुलीला चांगल्या घरी देईन," ते म्हणाले. वाट पाहिली. कावळा नाही. "तुझ्या माहेरच्या देवीची ओटी दरवर्षी भरीन." नाही. "दारात नवं वृंदावन बांधीन." नाही. काकू वरून ओरडली, "तिची पाटल्यांची हौस राहिलीय, पोरीला घाला म्हणावं!" बाबा तेही बोलले. मी बाबांच्या तोंडाकडे बघत होते. देवीपासून पाटल्यांपर्यंत सगळीकडे त्यांची जीभ फिरून आली, एका नावावरून तेवढी गेली नाही. दत्तूमामा पुरुषांच्या मागे उभा होता. त्याचे ओठ फक्त हलत होते आणि डोळ्यांतून धार लागली होती.

शेवटी शेजारच्या काशीकाकूंना राहवलं नाही. त्या विधवा बाई, कुणाची भीड ठेवायच्या नाहीत. मागच्या दारातून त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "दत्तूचं बोला हो! सगळ्या आळीला ठाऊक आहे तिचा जीव कशात अडकलाय तो. त्याला सांभाळीन म्हणा, आत्ता शिवेल!"

बाबांनी भाऊकाकांकडे पाहिलं. मला अजून तो क्षण दिसतो. त्यांनी तोंड उघडलंही होतं. काय बोलणार होते ते देव जाणे. मी पुष्कळ वर्षं मनाशी धरून बसले होते की ते 'हो' म्हणणार होते. पण भाऊकाका मध्येच म्हणाले, "दर्भाचा कावळा करून लावू नि मोकळे होऊ." भटजी म्हणाले, "लावता येतो, पण मग लोक बोलायचं ते बोलतात." काकांनी डोक्यावरून हात फिरवला, आणि मग वळून म्हणाले, "दत्तू, तुझं पाखरू आण."

भटजी चाचरले. "ते पाळलेलं..." "कावळा तो कावळा," काका म्हणाले. "शास्त्रात घरचा-रानचा असं काही लिहिलंय का? असेल तर दाखवा." भटजींनी आपल्या पायाशी आखडलेली सावली पाहिली. त्यांनाही भूक लागली होती. काशीकाकू वरून कडाडल्या, "अहो, हा काय चावटपणा!" काकूनं त्यांना हाताला धरून आत नेलं. मी गडग्यावरून ओरडले, "मामा, आणू नको! आणू नको त्याला!" बाबा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पोरीला आत न्या."

पण मामा धावत सुटला होता. धावू नये असं त्याला वैद्यांनी बजावलं होतं, तरी तो डालग्यापर्यंत धावत गेला. मी त्याच्या आडवी गेले, त्याचं धोतर धरलं. "बाबा बोलतील, थांब, त्यांना बोलू दे," मी म्हणाले. तो मला म्हणाला, "अगो, आक्का अडकलेय तिथं. उन्हात उभी असेल ती. सोड मला." त्यानं दगड बाजूला केला. कोंडलेला गवई झडप घालून त्याच्या खांद्यावर बसला. मामा तसाच खाली गेला, पिंडापाशी उकिडवा बसला, हिर नव्हता म्हणून बोटानंच जमिनीवर ठोकलं आणि चुक् चुक् केलं. गवई खाली उतरला. भुकेला होता. पंख थरथरवून त्यानं मामाच्या हाताकडे बघत आ वासला, हात रिकामा. मामानं पुन्हा पिंडाच्या काठाशी ठोकलं. मग गवईनं पिंडात चोच घातली, आणि एक घास घेऊन दुसराही घेतला.

"शिवला! शिवला!" सगळे एकदम बोलायला लागले. बाबांनी मोठा श्वास सोडला. काका म्हणाले, "तृप्त होऊन गेली, पुण्यवान बाई." माणसं अंघोळीला वळली. मामा तिथेच मातीत बसून रडत होता आणि हसत होता. मला जवळ घेऊन म्हणाला, "सुटली गो आक्का. सुटली." त्या दुपारी सगळे पोटभर जेवले. मी पानावरून उठले, तेव्हा काकू म्हणाली, "आईचं अन्न टाकू नये." मला तेव्हा एवढा राग आला होता की तो पोटात मावेना, आणि खरं सांगायचं तर त्याला अजून जागा झालेली नाही.

तेरावं झालं आणि भाऊकाकांनी जाहीर केलं की दत्तूची सोय मंडणगडास केली आहे, त्यांच्या साडूच्या चुलतभावाकडे, चार गुरं राखायची नि दोन वेळ खायचं. काशीकाकूंनी बाबांना ओसरीवर गाठून विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "तिची काही इच्छा राहिली असती तर कावळा शिवला असता का?" हे वाक्य मग बाबांनी जन्मभर वापरलं. आधी ते बोलताना त्यांची नजर खाली असायची. पुढे पुढे समोर बघून बोलायला लागले. मामाची वळकटी बैलगाडीत ठेवली, मामा वर बसला, गाडी गेली. गवई पुष्कळ दिवस पडवीच्या कठड्यावर येऊन आ वासून बसायचा. काकू त्याला केरसुणी फेकून मारी. मी चोरून भात घालायचे, पण त्याला मामाच्या हाताची सवय. एक दिवस तो यायचा बंद झाला. घरात नवी आई आली. ती बिचारी भली होती, तिच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

माझं लग्न झालं, आणि माहेरच्या माणसांना विचारल्याशिवाय कुठे जाता येण्याइतकी मी मोठी झाले, तेव्हा यजमानांबरोबर, लहान मुलाला घेऊन, सर्व्हिस मोटारीनं मंडणगडास गेले. मामा गोठ्याच्या वळचणीला दोरी वळत बसला होता. कपाळावर, हनुवटीवर पडल्याचे वण. एक कान भाजलेला, चुलीपाशी फेफरं आलं तेव्हाचा. घरात त्याला पाहणारं कुणी नव्हतं हे विचारावं लागलं नाही. त्यानं मला लगेच ओळखलं. बाबांची चौकशी केली, भाऊकाकांची केली, नव्या आईला मूलबाळ काय विचारलं. मी म्हटलं, "पाखरं नाही पाळत मामा?" तो म्हणाला, "नको गो. पडलो की अंगाखाली येतात."

मग मला आवरलं नाही. मी त्याला सगळं सांगितलं. आई बाबांना काय म्हणाली होती ते सांगितलं, बाबा काय म्हणाले ते सांगितलं. म्हटलं, मामा, ती तुझ्यासाठीच अडून होती. त्यांना शब्द द्यायचा नव्हता म्हणून त्यांनी तुझ्याकडून तुझाच कावळा आणवला. तुझ्या बोटाच्या खुणेवर तो जेवला, त्यात आईचा काय संबंध? यजमान मला डोळ्यांनी दाबत होते, पण मी थांबले नाही. मामानं दोरीचा पीळ हातात धरून सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं तो रडेल, निदान शिवी तरी देईल. तो मलाच समजावायला लागला.

"तसं नसतं गो बायो," तो म्हणाला. "मी बोलावलं म्हणून तो आला, हे खरं. पण तोंड लावायचं की नाही हे पाखराच्या हातात नसतं. तिला माझं काही हवं असतं तर तो उपाशी राहिला असता, पण शिवला नसता. मी ठोकलं तेव्हा मनात म्हणत होतो, खाऊ नको रे, एकदा मागे सर. आणि त्यानं खाल्लं. दोन घास खाल्ले."

मी पुन्हा बाबांचं नाव घेतलं. त्यानं मान हलवली. भावोजींचा यात काय दोष, म्हणाला. मोटार निघायची वेळ झाली तसा आम्हाला पोचवायला तो रस्त्यापर्यंत आला, माझ्या मुलाच्या हातावर चार बोरं ठेवली, आणि मी पाया पडले तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "आजारात माणसाला आधी बोललेलं आठवत नाही गो. माझं नाव निघून गेलं असेल तिच्या मनातून. आक्कावर माझा राग नाही हो."